टेकाळे मामांची चिठ्ठी

हडपसरला गाडीतळावरून कालव्याच्या अंगाला निघालं, की तीन मिसळवाले, दोन जिम आणि एक 'इंटरनॅशनल' शाळा ओलांडल्यावर पत्र्याची एक शेड लागायची. ती ज्ञानदेव टेकाळ्यांची. म्हणजे शेडमधला माणूस टेकाळे. शेड, तिच्याखालची जमीन आणि तिच्यापर्यंत जाणारा खड्ड्यांचा रस्ता हरपळ्यांचा. हिंगोलीकडून पुण्यात येऊन ज्ञानदेवांना छत्तीस वर्षं झाली, पण कुणी पत्ता विचारला की अजूनही त्यांच्या तोंडून 'हरपळ्यांच्या शेडमध्ये' असंच निघायचं. राहायचे ते 'ससाण्यांच्या चाळीत'. एवढ्या मोठ्या शहरात टेकाळ्यांचं असं काय होतं, तर एक रेशनकार्ड. आपलं स्वतःचं, शटरचं, दहा बाय बाराचं का होईना, एक दुकान असावं आणि वर आपल्या नावाची पाटी असावी, ही त्यांची फार जुनी इच्छा. कुणाला सांगत नसत. पण एखाद्या दुकानावर नवी पाटी चढत असली, की सायकल थांबवून ती सरळ लागेपर्यंत बघत उभे राहायचे.

कामात मात्र माणूस हुशार. तेलाच्या दाबावर जे जे उचललं, दाबलं किंवा ढकललं जातं, ते बिघडलं की हडपसरात एकच नाव निघतं. गॅरेजचा जॅक, डंपरची ट्रॉली, खोदणाऱ्या मशीनचा हात, सगळं टेकाळे मामांकडे येतं. येतं, पण खुशीने येत नाही. त्याचं कारण म्हणजे मामांची चिठ्ठी.

मामा एकतीस वर्षं एका कारखान्यात तेलाच्या दाबावर चालणारे सिलिंडर तपासायला होते. तिथे बिघडून परत आलेल्या प्रत्येक मालाला एक जाड कागदाची चिठ्ठी बांधायची पद्धत होती. तिच्यावर तीन रकाने: काय बिघडलं, का बिघडलं, कोणामुळे बिघडलं. शहाणी माणसं तिसरा रकाना कोरा सोडत. मामा तो भरत. म्हणून एकतीस वर्षांत ते सुपरवायझर झाले नाहीत आणि त्यांच्यानंतर आलेले चौघे झाले. पुढे कारखाना बंद पडला, त्याच्या जागेवर बावीस मजल्यांचे टॉवर आले, पण उरलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मामा घरी घेऊन आले होते. तो शेडमध्ये कामाला आला.

आता तुम्हीच सांगा, पैसे मोजून आपला जॅक घरी न्यायचा आणि त्याला लोंबणाऱ्या चिठ्ठीवर काय वाचायचं? 'कोणामुळे: मालकाचा मेहुणा.' एका गॅरेजवाल्याने वास्तुशास्त्राप्रमाणे प्रेसचं तोंड पूर्वेला फिरवलं आणि तेलाची नळी पिळून फुटली. त्याच्या चिठ्ठीवर मामांनी लिहिलं, 'कोणामुळे: पूर्व दिशा.' दुसऱ्याच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'कोणामुळे: व्हिडिओ बघून.' लोक चिडत, शिव्या देत, चिठ्ठी फाडून टाकत. पण एक गोष्ट सगळे मान्य करत. टेकाळ्याच्या चिठ्ठीत खोटं नसतं. दोन भागीदारांचं भांडण असो, ड्रायव्हर-मालकाचं असो, 'मामांची चिठ्ठी आणा' म्हटलं की विषय संपायचा. मामांना ह्याचा गर्व होता. उगाच नाकारत नाही मी, चांगला डोक्यापर्यंत चढलेला गर्व होता.

आता हरपळ्यांकडे येऊ.

हरपळ्यांची जमीन एके काळी कालव्यापासून रेल्वेपर्यंत होती. आता तिथे टॉवर आहेत आणि हरपळ्यांकडे चार गाड्या आहेत. व्यवहार सगळा रविराज हरपळ्यांनी केला. पन्नाशीचा गडी, पांढरा शर्ट, पांढरी गाडी, बोलायला लोण्यासारखा मऊ. पण कालव्याकाठचे अकरा एकर तेवढे राहिले. ते रविराजची आई आनंदीबाई हिच्या नावावर होते आणि बाई ऐकेचना. बिल्डरची माणसं पेढे घेऊन येत, ती पेढे ठेवून घ्यायची आणि अंगठा द्यायची नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली आणि जमीन तिच्या नवऱ्याकडे, गेनबांकडे आली. ऐंशी पार केलेले गेनबा, सगळे त्यांना आबा म्हणतात. रोज काठी टेकत उसाच्या बांधावर जायचे आणि तिथेच बसायचे. त्यांनीही सही दिली नाही.

मग रविराजच्या मदतीला धावून आले टॉवरमधले रहिवासी. हरपळ्यांच्याच जमिनीवर बांधलेल्या टॉवरचे रहिवासी, हे विशेष. ऊस तुटून गेला की शेतात पाचट उरतं आणि शेतकरी ते पेटवून देतो. धूर बाराव्या मजल्यावर गेला. कुणाच्या तरी हवा शुद्ध करणाऱ्या मशीनचा दिवा लाल झाला. फोटोसकट तक्रार झाली, नोटीस आली, दंड झाला. रविराज वडिलांना म्हणाला, "आबा, पाचट जाळता येत नाही, उचलायला माणूस मिळत नाही. संपली शेती. सही करा."

आबा म्हणाले, "पाचट गोळा करून गोल गठ्ठा बांधणारं मशीन असतंय म्हणं. ते आण. चाललं तर शेती ऱ्हाईल. न्हाय चाललं तर करतो सही."

रविराजने लगेच कबूल केलं. एवढ्या लगेच केलं, की कुणालाही शंका यावी. त्याने मोबाइलवर शोधून शोधून जुन्यातलं जुनं तसलं मशीन, म्हणजे बेलर, मागवलं. परदेशात दोन मालकांनी वापरलेलं, मग पंजाबात तिघांनी, आणि मग एका व्यापाऱ्याने 'एकदम चालू हालत में' म्हणून इथे पाठवलेलं. ते ट्रेलरवरून उतरलं तेव्हा त्याचा रंग कोणता हे सांगता येत नव्हतं. पण रविराजची एक चूक झाली. म्हाताऱ्याचा त्या मशीनवर जीव जडेल हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आबांनी ते धुऊन घेतलं, ग्रीस भरून घेतलं, दसऱ्याला रंगवून घेतलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आणि जानेवारीत ऊस तुटल्यावर मशीन शेतात उतरलं.

तीन दिवस प्रयत्न झाले. मशीन पाचट उचलायचं, पोटात घ्यायचं, गोल गोल फिरवायचं, आणि गठ्ठा भरत आला की मागचं दार हळूहळू आपोआप उघडायचं. आतून जे बाहेर पडायचं त्याला गठ्ठा म्हणणं म्हणजे गठ्ठ्याचा अपमान. फुटलेल्या गादीसारखं ते रानात पसरायचं. टॉवरच्या गॅलऱ्यांमधून लोक टाळ्या वाजवायचे.

सल्लागारांना तोटा नव्हता. पंजाबचा व्यापारी फोनवर म्हणाला, "तेल बदल दो, सरजी." तेल बदललं. पुन्हा फोन केला. "अच्छावाला डाला क्या?" अच्छावालं घातलं. रविराजचा मुलगा विक्रम इंजिनिअरिंगच्या चौथ्या वर्षाला तिसऱ्यांदा होता. त्याने निदान केलं, "प्रेशर सेन्सरचा इशू आहे." शेवटी आबांनी काठी आपटली. "टेकाळ्याला बोलवा. तो लिहील ते खरं."

रविराजने मामांना बोलावलं. नाइलाजाने बोलावलं, पण बोलावलं.

शुक्रवारी सकाळी मामा आले. आधी त्यांनी मशीनला हातच लावला नाही. बांधावर बसून सगळ्यांचं ऐकून घेतलं. विक्रमने सेन्सरचं सांगितलं.

"ह्या मशीनला सेन्सर नाही," मामा म्हणाले.

"नाही कसा? आजकाल सगळ्यांना असतो."

"असता तर तुला लांबून येताना बघूनच त्याने मान टाकली असती. ट्रॅक्टर चालू कर."

पाच मिनिटं मशीन रिकामं फिरवून मामांनी बंद करायला लावलं. सगळं थांबल्यावर ते एकेका बेरिंगला हाताच्या पाठीने चाचपत गेले. पुढच्या रोलरचं डावं बेरिंग चटका बसण्याइतकं तापलेलं. गठ्ठा बांधायची सुतळी रोलरच्या टोकाला गुंडाळून गुंडाळून आत शिरली होती. त्यामुळे रोलर अडखळत होता आणि पट्टे एका बाजूला सरकत होते. मामांनी सुतळी ब्लेडने कापून काढली, बेरिंग बदललं, पट्टे सरळ धावायला लागले. विक्रमने मान डोलवली, जणू त्याला हेच म्हणायचं होतं.

पण दार अजून उघडतच होतं. ते दार दोन बाजूंच्या दोन सिलिंडरांनी दाबून धरलेलं असतं. तेलाचा दाब टिकला तर दार घट्ट, दार घट्ट तर गठ्ठा घट्ट. मामांनी दाबाचा काटा जोडला. दार बंद केल्यावर काटा वर चढला आणि लगेच ढळायला लागला. ट्रॅक्टरकडून येणारी नळी वेगळी करून तपासली, तर तिथला दाब ठणठणीत. म्हणजे दोष मशीनमध्येच. त्यांनी दाब अडवून धरणारा व्हॉल्व्ह खोलला, आतलं तेल तळहातावर ओतलं आणि बघतच राहिले. तेलात पिवळे आणि लाल पोपडे तरंगत होते.

"दार वर घे," ते विक्रमला म्हणाले.

दार वर जायला लागलं तसे सिलिंडरमधून दांडे बाहेर यायला लागले. हे दांडे आरशासारखे चकचकीत असायला हवेत, कारण ते तेल अडवणाऱ्या रबरी सीलमधून सारखे आतबाहेर सरकतात. इथे ते पिवळेधमक होते आणि त्यांच्यावर लाल अक्षरं होती. डाव्या दांड्यावर एकेक अक्षर बाहेर आलं: आ, नं, दी, बा, ई. उजव्यावर: प्र, स, न्न. बरीच अक्षरं खरवडलेली होती.

दसऱ्याला दार वर उचलून ठेवलेलं असताना हिरा पेंटरने सगळंच रंगवलं होतं. हिराचा दोष नाही. त्याला 'एक इंच सोडू नको' असं सांगितलं होतं. दांडा आत गेला की रंग सोलायचा, पोपडे सील कापायचे, उरलेले व्हॉल्व्हमध्ये अडकून बसायचे. व्हॉल्व्ह मिटणार कसा आणि दाब राहणार कसा?

"हे नाव कुणी घालायला सांगितलं?" मामांनी विचारलं.

"आबांनी," विक्रम म्हणाला. "आज्जीचं आहे ना. रोज संध्याकाळी मला बोलावतात. म्हणतात, दार वर कर. मी करतो. दोन मिनिटं बघतात. मग म्हणतात, घे खाली."

मामांनी वळून बघितलं. लांब बांधावर आबा बसले होते, इकडेच बघत होते. दसऱ्यापासून जानेवारीपर्यंत रोज एकदा वर, एकदा खाली. मामांनी मनात हिशेब केला: शंभरेक वेळा.

तोवर रविराजची पांढरी गाडी आली. काच खाली झाली. "मामा, या ना आत. एसी आहे."

गाडीत बसल्यावर रविराजने आधी पाण्याची बाटली दिली, मग मामांच्या बायकोच्या, गोदाबाईंच्या, गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाला, "काय निघालं?"

"होईल दुरुस्त. सील बदलायचे, दांडे साफ करायचे. अर्ध्या दिवसाचं काम."

रविराजने काच वर केली. "मामा, मी सरळ बोलतो. ते होऊ नये असं मला वाटतंय."

मामांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"चिडू नका. आबांचं वय काय, माझं काय. त्या रानात उद्या ते पडले तर उचलायला कोण? विक्रम शेती करेल? तुम्हीच बघितलं त्याला. तिथे बिल्डिंग होणार आहे. खाली रस्त्याला लागून दुकानं. पहिलं दुकान तुमचं. भाड्याने नाही, तुमच्या नावावर. रविवारी अनिरुद्ध येतोय, बिल्डरचा माणूस, तो कागदावर लिहून देईल. मी काही जास्त मागत नाही. चिठ्ठीत लिहा, दुरुस्त होणार नाही. आबा तुमच्या चिठ्ठीपुढे जात नाहीत."

"आणि नाही लिहिलं तर?"

"नाही कशाला लिहाल? आपण इतकी वर्षं शेजारी," रविराज म्हणाला आणि शेडच्या दिशेने बघून हसला. "तिथे विक्रमला कार वॉश काढायचाय. मी थांबवून ठेवलंय त्याला."

मामा घरी आले आणि जेवायला बसले. गोदाबाईंनी भाकरी वाढली. ह्यांचं तोंड बघून त्या म्हणाल्या, "काय झालंय? भाकर अशी काय बघायलाव?"

मामांनी सगळं सांगितलं. त्यांना वाटलं, बायको म्हणेल, असलं काही करू नका. आपण मग तिच्यावर सोडून देऊ. पुरुषमाणसांची ही युक्ती गोदाबाईंना चाळीस वर्षांची पाठ होती.

"शटर कोणच्या रंगाचं आसंल?" त्यांनी विचारलं.

"अगं, खोटं लिहायचंय."

"आयकलं की मी. एका चिठ्ठीनं कोण मरायलंय? हजार खऱ्या लिहिल्याव, काय मिळालं? लोकायच्या शिव्या. तो म्हातारा ऐंशीचा, त्याला आकरा एकर कशाला? मला मातर दारात बसायला एक पायरी पाहिजे. आपली." त्यांनी भाकरी थापायला घेतली. "निळं बरं दिसतं."

ह्या बाईला आता कोण चूक म्हणेल? मी तरी म्हणणार नाही. छत्तीस वर्षं दुसऱ्याच्या पायरीवर बसून तांदूळ निवडून बघा, मग बोला.

शनिवारी मामा शेडमध्ये बसले. दोन वेळा चिठ्ठी काढली, दोन वेळा ठेवली. दुपारी सायकल काढून त्यांनी एका दुकानातून दोन्ही सिलिंडरचे सील आणले आणि पिशवीत टाकले. का आणले, त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. मग संध्याकाळी त्यांनी चिठ्ठी लिहिली. अक्षर नेहमीसारखं सुबक. काय बिघडलं: दाब धरत नाही. का: सिलिंडर आतून गेलेत, दुरुस्त होणार नाही. तिसऱ्या रकान्यापाशी पेन अडलं. खोटं लिहिताना माणसाला कुणाचं तरी नाव लागतंच. शेवटी त्यांनी लिहिलं, 'कोणामुळे: वय.'

रविवारी दहा वाजता शेतात सगळे जमले. आबांसाठी खुर्ची, अनिरुद्धसाठी खुर्ची, कागदांसाठी छोटं टेबल. अनिरुद्ध एक नंबरचा सभ्य माणूस. सगळ्यांना अहो-जाहो, कागदांना प्लॅस्टिकचं कव्हर, खिशात दोन पेनं आणि एक शाईचा पॅड, कुणाचा अंगठा असला तर अडायला नको म्हणून. विक्रम मोबाइलमध्ये. टॉवरच्या गॅलऱ्यांमधून चहाचे कप हातात घेऊन प्रेक्षक हजर. रविवारचा कार्यक्रम फुकटात कोण सोडतो?

मामांनी चिठ्ठी आबांच्या हातात दिली. दिल्यावर हात पिशवीत घातला.

आबांनी चष्मा लावला. बोट ठेवून एकेक शब्द वाचला. फार वेळ लागला. 'दुरुस्त होणार नाही' पाशी बोट थांबलं, मग पुढे गेलं. शेवटच्या रकान्याशी ते दोनदा गेलं.

"वय," आबा म्हणाले. "बराबर हाय. मशीन काय अन् माणूस काय. आमचं बी तेच झालंय."

अनिरुद्धने कागद कव्हरमधून बाहेर काढले.

"टेकाळ्यानं लिवलंय म्हंजी झालं." आबांनी चिठ्ठीची नीट घडी केली आणि ती सदऱ्याच्या खिशात, अगदी आतल्या बाजूला ठेवली. मग अनिरुद्धकडे हात केला. "आण रं तुझा कागूद. कुठं करायची?"

अनिरुद्धने पेनाचं टोपण काढून दिलं. रविराज दुसरीकडे बघत होता. आबांनी पेन धरलं, कागद जवळ ओढला, आणि मामांना काय झालं देव जाणे. रागच आला त्यांना. म्हाताऱ्याचा आला. अरे, जरा तरी संशय घे की! एकदा तरी विचार, काय रे टेकाळ्या, नक्की का? चिठ्ठी वाचली आणि अकरा एकरांवर पाणी सोडायला निघाला, असा कसा विश्वास ठेवतो माणूस माणसावर?

"थांबा, आबा!" मामा एवढ्या जोरात ओरडले, की चौथ्या मजल्यावर कुणीतरी चहा सांडला. "ठेवा ते पेन. ती चिठ्ठी खोटी आहे."

"काय?"

"खोटी लिहिलीय मी. मशीन दुरुस्त होतंय. आज दुपारपर्यंत होतंय. सील पिशवीत आहेत."

रविराजचा लोण्यासारखा चेहरा पहिल्यांदाच घट्ट झाला. "मामा, तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय धाड भरलीय! दुकान देतो म्हणालात, म्हणून लिहिलं. मला दुकान पाहिजे होतं." मामांनी हे सगळ्यांसमोर, टॉवरच्या गॅलऱ्यांसकट, सांगून टाकलं.

अनिरुद्धने शांतपणे कागद कव्हरमध्ये घातले. "नाही, आपण आधी आपसांत ठरवून घ्या," तो म्हणाला. "मला काही घाई नाही. तसंही साडेअकराला मुलीच्या नाचाचा कार्यक्रम आहे." आणि पॅड खिशात टाकून तो निघून गेला.

आबा मामांकडे टक लावून बघत होते. "मंग बिघडलं कोणामुळं?"

एका खोट्याची भरपाई झाली होती. आणखी एक, लहानसं, मऊसं खोटं सांगून सुटता आलं असतं. व्यापाऱ्याचं नाव घ्यायचं, पंजाब लांब आहे. पण त्या दिवशी त्यांचा खोट्याचा कोटा संपला होता.

"तुमच्यामुळे, आबा."

मग त्यांनी सांगितलं. दांडे, रंग, पोपडे, सील. "तुम्ही रोज संध्याकाळी दार वर करायला लावता. प्रत्येक वेळेला रंग सोलून आत जातो. मशीन त्यानेच गेलं. ते नाव पुसावं लागेल. दुसरा इलाज नाही."

आबा काठीवर हनुवटी टेकून बसले. विक्रमने मोबाइल खाली ठेवला, ही त्या दिवसातली दुसरी मोठी घटना. मग आबा म्हणाले, "दार वर घे."

दार वर गेलं. मामांनी लोखंडी खीळ लावली, म्हणजे दार कुणाच्या डोक्यात यायला नको. आबा उठून डाव्या दांड्यापाशी आले. विक्रमने पॉलिश पेपर पुढे केला, तर मामा खेकसले, "तो नको! ओरखडे पडले की नवे सीलही जातील." त्यांनी थिनरचा डबा आणि मऊ फडकं काढलं. ते स्वतः पुसायला वाकले, तर आबांनी फडकं हातातून काढून घेतलं.

"मी लिवायला सांगितलं, मीच पुसतो."

आणि ते पुसायला लागले. सावकाश, जोर न लावता. लाल रंग पिवळ्यात उतरला, पिवळा फडक्यात. पुसता पुसता एकदा ते स्वतःशीच हसले. "प्रसन्न म्हणं! जित्तेपणी कदी झाली न्हाय ती. कामाच्या मदी कुणी आलेलं तिला कदी खपलं न्हाय." मामांनी तोंड फिरवलं आणि उगाचच पान्याची पेटी लावायला घेतली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते थिनरमुळे नव्हतं.

दोन वाजता सील बसले. व्हॉल्व्ह धुऊन निघाला. काटा वर चढला आणि खिळ्यासारखा उभा राहिला. तीन वाजता पहिला गठ्ठा दारातून गडगडत बाहेर आला, घट्ट, गोल, कमरेएवढा उंच. आबांनी त्याच्यावर दोन बुक्क्या मारल्या आणि त्याला टेकून उभे राहिले. टॉवरमधले लोक धावत खाली आले. ज्यांनी धुराची तक्रार केली होती तेच सगळ्यात पुढे, गठ्ठ्याबरोबर फोटो काढायला. सोसायटीने तिथल्या तिथे 'फार्म फेस्ट' ठरवून चाळीस गठ्ठे सांगितले. आणि संध्याकाळी रविराजचा गठ्ठ्यावर हात ठेवलेला फोटो सगळीकडे फिरला: 'आमची माती, आमचा अभिमान.' ते अकरा एकर अजून आहेत. अभिमानाचं भांडवल होतंय म्हटल्यावर विकायची घाई रविराजलाही राहिली नाही.

मामांना मात्र महिनाअखेर शेड रिकामी करावी लागली. रविराज रागावला नाही, मुळीच नाही. "विक्रमने कार वॉशचं मनावर घेतलंय हो," एवढंच मऊ आवाजात म्हणाला. आबांना ह्यातलं काही माहीत नाही. मामांनी सांगू दिलं नाही. गोदाबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी बोलल्या, ते लिहिण्यासारखं नाही.

आता मामा फुरसुंगीच्या पुढे, कामठ्यांच्या शेडमध्ये बसतात. काम येतं, पण पूर्वीसारखं नाही. हजार चिठ्ठ्या खऱ्या लिहिल्या त्या कुणाला आठवत नाहीत. खोटी लिहिलेली एक मात्र हडपसरपासून मंडईपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहे. परवाच एक डंपरवाला ट्रॉलीचा जॅक घ्यायला आला. चिठ्ठी उलटसुलट करून बघितली आणि चारचौघांत म्हणाला, "मामा, ही खरी, का हरपळ्यांसारखी?"

बाकीचे हसले. मामा फडक्याला हात पुसत होते. त्यांनी वर बघितलं.

"ही खरी आहे," ते म्हणाले. "हरपळ्यांची खोटी होती. त्या दिवशी मला दुकान पाहिजे होतं. अजून पाहिजे आहे."